आटवायची वेळ

प्रिय अण्णा,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले आणि मी डेअरीत येऊन तुमच्याच टेबलावर हे लिहायला बसले. केजच्या दूध शीतकरण केंद्रात मला नोकरी मिळाली आहे. हो की नाही, ते आज कळवायचं आहे. घरचे सगळे जा म्हणतात. मला मात्र तुम्हाला विचारल्याशिवाय चैन पडेना.

तुमचे डोळे अधू झाले तेव्हा म्हणाला होतात, "सुनंदा, महिनाभर तू दुधाचं फॅट बघ, तवर गावातलं कुणी मिळंल." त्या महिन्याला आता बारा वर्षं झाली. कुणी मिळालं नाही, की तुम्ही शोधलंच नाही? खरं सांगते, मीही कधी विचारलं नाही. किटल्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं मला ताई म्हणायची, ते मला आवडायचं.

दूध संस्थेच्या कामात तुमचा एकही खाडा नव्हता. दादाच्या लग्नातही सकाळचं दूध घेऊनच तुम्ही मांडवात आलात. अक्षता पडून गेल्या होत्या. आई नंतर दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

दुष्काळात गुरं चारा छावणीत गेली आणि संचालक म्हणाले, आता संस्था बंद करू. तुम्ही सायकलला कॅन बांधून युसूफ वडगावच्या माळावर, छावणीत जायला लागलात. मीही मागे बसून यायची. तिथे आपल्या गल्लीतली रुक्मिणकाकू गाभण गाईचं दूध काढतच होती.

"आटव की आता, काढणं कमी करत बंद कर. व्यायला दोन महिने राहिले. किती पिळशील तिला?"

"कशी आटवू, अण्णा? एकदा भाकड झाली म्हंजी?"

"आटवली म्हणून गाय भाकड होत न्हाई, बाई. आत वासरू हाय, त्याला बी लागतंय की. आधी सांजचं सोड, मग दिसाआड काढ. लई घाई करू नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा दुधाचा तांब्या घेऊन आली, तर तुम्ही तो परत केलात. थेंबाथेंबासाठी मैलभर सायकल रेटणारा माणूस आणि दूध नाकारतो! काकू रडली. पण गाय नीट व्याली, आणि पहिला चीक तिने आपल्याच घरी आणून दिला.

गावातल्या प्रत्येक गाभण गाईचे दिवस तुमच्या ध्यानात असायचे. मग स्वतःचे कसे कळले नाहीत, अण्णा? छातीत दुखत होतं आणि तुम्ही म्हणालात, "एवढं दूध जाऊ दे, मग केजला दवाखान्यात जाऊ." मीही ऐकलं. कॅन टेम्पोत चढेपर्यंत तुम्हाला बाकावर बसवून ठेवलं. त्याचा राग मला तुमच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

तुमच्या दहाव्यालाही सकाळचं दूध मी घेतलं. लोक म्हणाले, बापाची लेक शोभते. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी भीती वाटली.

मघाशी रुक्मिणकाकूची सून आशा दूध घालायला आली. मी विचारलं, "फॅट बघायला शिकतेस का?"

"का वो ताई? तुमी कुठं चाललात?"

 मग तुमचंच बोलणं तोंडात आलं. म्हटलं, "आधी सांजचं सोडते."

केजला होकार कळवते आहे, दोन महिन्यांनी येते म्हणून. तेवढं थांबायला ते तयार आहेत. आशा हो म्हणाली आहे. उद्यापासून संध्याकाळचं दूध ती घेईल आणि मी बाकावर बसून बघेन. पुढच्या महिन्यापासून मी दिवसाआड येईन. तुम्हाला शब्द देते, तिचा हात बसेपर्यंत मी गाव सोडणार नाही आणि बसल्यावर एक दिवसही थांबणार नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा येणार नाही, त्या दिवसाचा खाडा हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे मीच लिहीन. आपल्या घरातला तो पहिला असेल, अण्णा. रागावू नका.

तुमची,
सुनंदा