चुकलेले चार चेंडू

चिलिकॉथी, २ जून

चि. लॉर्ना हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तू पुटपुटतेस, म्हणून पत्र. शाळा सहावीपर्यंतचीच, चुका पोटात घाल. ड्यूई न्हावी म्हणाला, बेसबॉलमध्ये आता यंत्रच पंच होणार, तुझ्या पोरीला घरी बसवतील. तेव्हापासून घास उतरत नाही. इथल्या रंगाच्या दुकानात एक जागा आहे, मालकाला थांबवून ठेवलंय. अकरा वर्षं गावोगाव चेंडूंचा मार खाल्लास, पुरे. गुडघ्याला मलम लावतेस ना?

काळजीने अर्धा झालेला तुझा बाप,
ऑर्व्हल

टोलीडो, ९ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

ड्यूईला म्हणावं, आधी बाबांचे केस दोन्ही बाजूंनी सारखे काप. पंच अजून उभाच असतो. पण चेंडू पट्ट्यात होता की बाहेर, हा माझा निर्णय पटला नाही की फलंदाज स्वतःच्या हेल्मेटवर टपली मारून दाद मागतो, आणि यंत्र मोठ्या पडद्यावर चेंडूची वाट दाखवतं. काल मी चार वेळा चुकले, एकदा तर केसभराने. लोक हसले. एकाने चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला. पूर्वी शिव्या द्यायचे ते बरं होतं. तेव्हा निदान मी बरोबर असेन अशी मला आशा असायची. रविवारचा सामना संपला की राजीनामा देते. जागा धरून ठेवा.

औषधं घ्या, माया राहू द्या.
आपली लॉर्ना

चिलिकॉथी, १७ जून

चि. लॉर्ना, आशीर्वाद.

रागावू नकोस. रविवारी मी बसने आलो होतो, तुझ्या पाठीमागे दुसऱ्या रांगेत बसलो होतो. तुझ्यापुढे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या गळ्यावर चेंडू बसला. तो वाकला, पण खाली बसेना; बसला असता तर त्याला मैदानाबाहेर काढलं असतं. तू पुढे झालीस आणि खिशातला ब्रश काढून फलंदाजाजवळची जमिनीतली पांढरी प्लेट झाडू लागलीस. प्लेट स्वच्छ होती, मला दिसत होती. तू एकेक कोपरा झाडलास, त्याला श्वास येईपर्यंत. शेजारचा कुरकुरला, ही बाई फार वेळ काढते. मी म्हणालो, काढू दे.

नंतर एक चेंडू तुझ्या मुखवट्यावर आदळला. मी जागेवरून उठलोच. तर तोच कॅचर उठला आणि तू सावरेपर्यंत चेंडू टाकणाऱ्या पिचरशी गप्पा मारत उभा राहिला. ड्यूई म्हणतो, अशा वेळी त्या दोघांना बोलायचं काहीच नसतं, नुसता वेळ काढतात.

तुला न विचारता रंगाच्या दुकानातली जागा सोडून दिली. राजीनामा दिला असशील तर परत माग. चूक केली का मी? लगेच कळव.

तुझा बाप,
ऑर्व्हल

टोलीडो, २१ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

राजीनामा दिला होता, पण साहेबांनी पाकीट फोडलं नव्हतं. परत मागायला गेले. पाकीट परत देताना त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, वडिलांनी माझी दुसरी नोकरी घालवली.

तब्येतीला जपा.
आपली लॉर्ना