साळिंदर मेलेलं नाही

२२ सप्टेंबर, रविवार

मेलं म्हणे! कारंज्यांची यादी ठेवणाऱ्या ग्लेनने आज बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं — साळिंदर मेलं, यंदाच्या यादीत त्याच्यापुढे 'निद्रिस्त' लिहायचं. जसा काही हा नाडी बघून आलाय. मी विचारलं, शेवटचा कधी बसला होतास तिथे? तर म्हणे, "आर्डिस, अगं तिथे बसण्यासारखं उरलंय काय? भोक आणि कोमट पाणी."

मग त्याच्या पोटातलं ओठावर आलं. यादी या हिवाळ्यात छापायला जाणार. ज्या नोंदींपुढे प्रश्नचिन्ह आहे त्या गाळणार. म्हणजे माझ्या नवऱ्याची, क्लेटनची ओळ जाणार. तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, दुपारी दोन वाजून चौदा मिनिटं, साळिंदर उसळलं, उंची चाळीस फूट, चार मिनिटं चाललं. त्या दिवशी तो एकटाच होता तिथे. चाळीस वर्षं या पार्कमधली जमिनीतून उसळणारी गरम पाण्याची कारंजी टिपणाऱ्या माणसाची ती शेवटची नोंद. पुढच्या उन्हाळ्यात तो गेलाच.

मी म्हटलं, त्याने पाहिलं होतं. ग्लेन म्हणाला, "तो त्या वर्षी मला माझ्या भावाच्या नावाने हाक मारायचा, आर्डिस." मारत असेल! माणसं विसरत होता. कारंजी नाही.

साळिंदर पुन्हा उसळलं आणि मी व आणखी एकाने ते पाहिलं, तर ते मेलेलं नाही हे ठरेल. मग क्लेटनची ओळ कोण गाळतो ते बघते. ३ नोव्हेंबरला पार्कचा रस्ता बर्फामुळे बंद होतो. सहा आठवडे आहेत हातात. बसणार.

२३ सप्टेंबर

आठ ते सहा बसले. काही नाही.

२६ सप्टेंबर

मार्नीचा फोन. लेक असून बोलते सासूसारखी. "आई, तू एकाहत्तर वर्षांची आहेस. रोज दीड तास गाडी हाकत जातेस आणि एका डबक्याकडे बघत बसतेस." मी म्हटलं, तुझा बाप जन्मभर बघत बसला, तेव्हा त्याला कोणी वय विचारलं नाही. फोन ठेवला. मीच ठेवला.

डबकं म्हणे. हिला लहानपणी मांडीवर घेऊन त्याच लाकडी वाटेच्या फळ्यांवर बसलेय मी. तेव्हा दर तासाला उसळायचं. बाकीच्या कारंज्यांचं पाणी अंगावर आलं तर भाजतं, याचं उंचावरून पडेपर्यंत निवायचं. पण आंबट, लिंबासारखं. डोळ्यांत गेलं की झोंबायचं आणि पोरं किंचाळत हसायची. काठाचे दगड तांबडे, काट्याकाट्यांचे, म्हणून ते साळिंदर. नाव क्लेटननेच पाडलेलं, पुस्तकात दुसरंच आहे. आम्ही कोणी ते वापरत नाही.

४ ऑक्टोबर

नवी रेंजर आहे, येसेनिया. पोरगी चोवीस-पंचविसाची असेल. टोपी डोक्यापेक्षा मोठी. "मॅडम, पलीकडच्या झाडीत अस्वल दिसलंय. एकट्या बसू नका." मी म्हटलं, मग तू बस. बसली की! माझं जॅम-ब्रेड अर्धं खाल्लं आणि विचारलं, "पण नुसतं बसायचं? काहीच करायचं नाही?"

मग तिला आमचा क्रम शिकवला. उसळलं की आधी घड्याळ बघून वेळ लिहायची. मग लगेच चष्मा पुसायचा. मग काय ओरडायचं ते ओरड. तिला चष्म्याचं हसू आलं. हसू नकोस म्हटलं, या पाण्यात विरघळलेला दगड असतो. थेंब काचेवर वाळला की पांढरा ठिपका पडतो आणि तो जन्मात निघत नाही. नवशिका कोण ते आम्ही चष्म्यावरून ओळखतो. आणि जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. काठ ओला दिसला म्हणून उसळलं असेल, असं चालत नाही.

"आणि पाहिलं पण कोणी विश्वास ठेवला नाही तर?" तिने विचारलं. पोरगी हुशार आहे. मी थर्मास उघडून कॉफी ओतत बसले.

९ ऑक्टोबर

एक रानगवा वाटेवरच्या फळ्यांवर आडवा बसला होता. दोन तास हलेना. मीही हलले नाही. शेवटी तो उठला.

१३ ऑक्टोबर, रविवार

ग्लेन आला. हातात डबा, बायकोने केलेली चिली, राजमा-खिम्याची. तह करायला आला होता. खाल्ली. चिलीशी माझं भांडण नाही.

शेजारी बसला. म्हणाला, "यादीत माझा काय स्वार्थ आहे सांग. प्रश्नचिन्हवाल्या अकरा नोंदी आहेत. एकीला ठेवलं तर बाकी दहा जण माझा गळा धरतील." मी म्हटलं, बाकी दहा जण क्लेटन नव्हेत. त्यावर हळूच म्हणाला, "आर्डिस, ते प्रश्नचिन्ह वहीत कोणी..."

मी उठून पाण्याजवळ गेले. कठड्यापर्यंत जाता येतं तेवढी. परत आले तेव्हा तो डबा पुसत होता.

१९ ऑक्टोबर

बर्फ. चार थर कपडे घातलेत, पिंपासारखी दिसतेय. मार्नी म्हणते, येऊन गाडीची किल्लीच काढून घेईन. ये म्हणावं.

२५ ऑक्टोबर

आज फसवलं मेल्याने. अकराला पाणी चढायला लागलं. काठापर्यंत आलं, ओसंडलं, तांबड्या दगडांवरून वाहिलं. रेडिओवर येसेनियाला बोलावलं. ती धावत आली, आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या. आणि गेलं की खाली! न्हाणीतलं बूच काढल्यासारखं. येसेनिया म्हणाली, "जाऊ दे, मॅडम." गाडीत बसून रडले. रागाने रडले, दुसरं काही नाही. नऊ दिवस आहेत अजून.

३० ऑक्टोबर, बुधवार

एक वाजून सदतीस मिनिटं!

येसेनिया गस्तीवर आली होती, अस्वलाचं काहीतरी सांगत होती. मी पाण्याकडे बघत होते. ओसंडलं, थांबलं, आणि मग सगळं एकदम वर. पायांखालच्या फळ्या थरथरल्या. पाणी आडवंतिडवं फुटलं, आमच्या अंगावर आलं. तोच आंबट वास. पोरगी लहान मुलीसारखी ओरडायला लागली. मी आधी वेळ लिहिली. मग मीही ओरडले. काय ओरडले कोण जाणे. येसेनिया म्हणते, "मी म्हटलं होतं ना, असं तुम्ही कुणाला तरी सांगत होतात." तीन मिनिटं पन्नास सेकंद चाललं. उंची चाळीसच्या आसपास. वहीत दोघींच्या सह्या.

रेडिओवर ग्लेनला सांगितलं. मग म्हणाला, "'निद्रिस्त' खोडतो." आणि थोड्या वेळाने, "क्लेटनची ओळही ठेवतो. त्या दहा जणांचं मी बघतो." मी म्हटलं, उपकार करू नकोस, ती खरीच आहे.

३१ ऑक्टोबर

येसेनियाला जन्माचे धडे दिले आणि स्वतःच चष्मा पुसायला विसरले! वेळ लिहिली, ओरडले, मधलं राहून गेलं. दोन्ही काचांवर पांढरे ठिपके. व्हिनेगरने घासून पाहिलं. निघत नाहीत. मार्नी फोनवर पोटभर हसली. "आता तू नवशिकी, आई." बदलणार नाही म्हटलं काचा. राहू देत.

कपाट आवरायला घेतलं तोवर काहीतरी डोक्यात आलं. उद्या बघते.

१ नोव्हेंबर

क्लेटनचा चष्मा खणात होता. त्याच्या त्या नोंदीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुकानातून आणलेला, कोरा. रविवारी तो घालून साळिंदरापाशी गेला. संध्याकाळी मी त्याच्या नाकावरून काढून घेतला — एका दिवसात नवा चष्मा कशाने खराब केलास, शुद्ध आहे का तुला? "साळिंदराने," तो म्हणाला. मी त्याला जुना घालायला लावला आणि हा खणात टाकला. खण तीन वर्षं उघडला नव्हता.

दोन्ही काचांवर पांढरे ठिपके. माझ्या काचांवर आहेत तसेच.

नोंदींची वही त्या वर्षी माझ्याकडे असायची. प्रश्नचिन्ह मी केलं होतं.