सांडव्यावरचा चरा

॥ श्री ॥

बोरतळी, २७ जून १९९९

चि. सुदर्शन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं खुशालीचं पत्र मिळालं. चि. तेजस्विनीला कॉम्प्युटरच्या कंपनीत कायम केलं हे वाचून फार बरं वाटलं. तिला सांग, आत्याने शाळेत पेढे वाटले आणि कॉम्प्युटर म्हणजे नक्की काय, हे मुलांनी विचारल्यावर आत्याची चांगलीच पंचाईत झाली.

आता तुझ्यावरचा राग. काल मी कानजाई धरणावर गेले होते. धरण भरलं की जास्तीचं पाणी ज्या उतारावरून खाली सोडतात, तो सांडवा आमच्या खालच्या आळीच्या बरोबर डोक्यावर आहे, हे तुला सांगायला नको. तुझ्याच खात्याने बांधलाय. त्याच्या फरशीला कडेने भेग पडली आहे. मी तिच्यात छत्री घातली. ती मुठीपर्यंत आत गेली आणि खाली काही लागलं नाही. धरणावरचा चौकीदार पोपट म्हणाला की आतली माती वाहून गेली आहे, पाय आपटला की पोकळ वाजतं, आणि त्याने तीनदा लेखी कळवलं आहे.

परत येताना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तुमच्या कार्यालयाचा कागद पाहिला. सांडव्यास किरकोळ चरे पडले असून ग्रामस्थांनी घाबरून जाऊ नये म्हणे. गोल शिक्का आणि खाली तुझी सही. तुझं अक्षर मीच वळवलं आहे, त्यामुळे ओळखायला चष्मा लागला नाही.

चरा काचेला पडतो, भांड्याला पडतो. ज्यात छत्री जाते त्याला मराठीत तडा म्हणतात. तीस वर्षं मुलांना मराठी शिकवते आहे, एवढं मला कळतं. पावसाने जोर धरायच्या आत तो कागद बदल.

सौ. नम्रताला आशीर्वाद. राग आहे तितकाच लोभही आहे, दोन्ही ओळखून वागावे.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

कर्वेनगर, पुणे, ३ जुलै १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा नम्रता म्हणाली की वन्संनी लाल शाईच्या खुणा तेवढ्या करायच्या ठेवल्या आहेत.

ताई, सरकारी कागदात शब्द आपल्या मनाने लिहायचे नसतात. तडा लिहिला की नियमाप्रमाणे धरणाची पातळी आठ फूट खाली ठेवावी लागते. यंदा ते पाणी नव्या कॉम्प्युटर पार्कला आणि त्याच्याभोवतीच्या सोसायट्यांना द्यायचं ठरलं आहे. चरा लिहिला की दुरुस्ती दिवाळीनंतर करता येते. दुरुस्ती होणार आहे, हे महत्त्वाचं. शिवाय धरणावर नवा भोंगा बसवला आहे. काही झालंच तर तो वाजेल आणि तुम्हाला तासभर आधी कळेल.

तरीही तू पावसाचे दोन महिने आमच्याकडे राहायला ये. रजा शिल्लक असेलच. नम्रताने आतली खोली आवरून ठेवली आहे. तुझे गुडघेही इथल्या चांगल्या डॉक्टरांना दाखवता येतील.

धाकट्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
सुदर्शन

॥ श्री ॥

बोरतळी, ८ जुलै १९९९

चि. सुदर्शन यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला. धोका नाही, तर माझ्यासाठी खोली कशाला आवरलीस? खालच्या आळीत सत्तेचाळीस घरं आहेत आणि गुडघे सगळ्यांनाच आहेत. सगळ्यांना घेऊन येऊ का कर्वेनगरला? नम्रताला विचारून कळव.

तुमच्या भोंग्याचं ऐक. तो विजेवर चालतो. दर गुरुवारी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत दुरुस्तीसाठी वीज बंद असते, हे पुणे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आज गुरुवार. मी पोपटला बटण दाबायला लावलं. भोंगा गप्प. तुमच्या साहेबांनी चाचणी मंगळवारी घेतली आणि समाधानकारक असा शेरा मारून ते जेवून गेले. पाण्याने गुरुवार पाळावा असं परिपत्रक निघालं असेल तर त्याची प्रत मला पाठव.

मी घरोघर जाऊन लोकांना सांगते आहे. आळीच्या टोकाला द्वारकाबाई एकट्या राहतात. मी दारात गेले की हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय त्या मला सोडत नाहीत. त्या म्हणाल्या की बाई, उगा भ्या घालू नका, फळ्यावर तुमच्याच भावाची सही हाय, आन् बाईंचा भाऊ खोटं कशापायी लिहील. तीस वर्षांत या गावाने माझ्यावर टाकलेला विश्वास तू एका सहीत वापरून टाकलास.

सोमवारपासून मी शाळा टेकडीवरच्या रोकडोबाच्या देवळात भरवणार आहे. तू कागद बदल. उत्तरात खोलीचा विषय नको.

तुझी,
ताई

पुणे, १२ जुलै १९९९

ती. आत्याला नमस्कार.

हे पत्र बाबांना माहीत नाही. ऑफिसमधून लिहिते आहे. आम्ही इथे दिवसभर प्रोग्रॅममधल्या तारखा चेक करतो, कारण दोन हजार साल लागलं की सगळ्या सिस्टिम्स बंद पडतील म्हणतात. दोन आकड्यांच्या चुकीला सगळं जग घाबरलंय आणि आमच्या घरात एका चुकीच्या शब्दाबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

सोबत झेरॉक्स आहे. मे महिन्यातला बाबांच्या हातचा, त्यांनी सही केलेला ओरिजिनल रिपोर्ट. त्यात त्यांनी तडा असंच लिहिलंय, आणि पातळी ताबडतोब उतरवावी असंही. साहेबांनी लाल पेनने तडा खोडून चरा केला आणि बाबांनी फेअर कॉपीवर सही केली. प्रमोशनची लिस्ट ऑगस्टमध्ये लागणार आहे. ते हल्ली नीट जेवत नाहीत. मला त्यांची दया येते आणि भयंकर रागही येतो.

हा कागद बाहेर गेला तर त्यांची नोकरी बहुतेक जाईल. तरी पाठवते आहे. यू डिसाइड, आत्या.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
तेजू

बोरतळी, २५ जुलै १९९९

सुदर्शन,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

गुरुवारी दुपारी पावणेबाराला सांडवा फाटला. फरशी उचलली गेली, खालची माती खरवडून निघाली आणि बाजूची भिंत आडवी झाली. वीज नव्हती. पोपट टेकडीच्या कडेने थाळी बडवत धावत आला, तेवढाच आमचा भोंगा; ज्यांनी तो ऐकला ते वर पळाले.

शाळेतली बासष्ट मुलं देवळात होती, ती वाचली. शाळा मात्र जागेवर नाही. परवानगीशिवाय वर्ग हलवल्याबद्दल माझ्याकडून बुधवारीच खुलासा मागवला होता. तो कागदही कपाटासकट गेला, त्यामुळे उत्तर द्यायचं वाचलं.

तुझ्या मूळ अहवालाची झेरॉक्स मी आठवड्यापूर्वी चावडीवर वाचून दाखवली होती. निम्मी घरं दोन दिवसांत वर सरकली. बाकीच्यांनी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले. सही एकाच माणसाची, पण झेरॉक्सवर शिक्का नाही आणि फळ्यावरच्या कागदावर आहे. तुझ्या खऱ्या शब्दाला शिक्का नव्हता, सुदर्शन, खोट्याला होता. द्वारकाबाईंनी तर कागद बघितलेही नाहीत. त्या म्हणाल्या की आपला भरवसा शिक्क्यावर न्हाई, बाईंच्या भावावर हाय.

द्वारकाबाई शुक्रवारी सकाळी ओढ्याच्या वळणावर बाभळीत अडकलेल्या सापडल्या. शेवटची अंघोळ मी घातली.

बुधवारी चौकशी समिती गावात येते आहे. माझी साक्ष आहे. मी तुझं नाव सांगणार आहे, वडिलांच्या नावासकट पूर्ण.

कौशल्या

कर्वेनगर, पुणे, २९ जुलै १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार घ्यावास असा आग्रह नाही.

मंगळवारी मीच समितीपुढे गेलो आणि लेखी दिलं. मूळ अहवाल, खोडलेला शब्द, माझी सही, सगळं. मला निलंबित केलं आहे. तुझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी गेलो म्हणून मी चांगला ठरत नाही, हे कळतं.

एक गोष्ट समितीला सांगितली, ती तुलाही माझ्याकडूनच कळावी. गुरुवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पोपटचा बिनतारी संदेश आला की फरशी हलते आहे. हुकूम येईपर्यंत जागा सोडू नकोस, असं त्याला कळवण्यात आलं. साहेबांनी मला इशाऱ्याचा मसुदा करायला सांगितलं. मी लिहिलं की सांडवा फुटण्याचा धोका आहे, गाव ताबडतोब रिकामं करावं. ते म्हणाले की फुटण्याचा हा शब्द नको, घबराट होईल. मग विसर्ग वाढण्याची शक्यता, असं केलं. मग शक्यता नाकारता येत नाही, असं केलं. तीनदा फेअर केलं.

तुमचे सरपंच आप्पासाहेब यांच्या घरचा नंबर माझ्या वहीत होता, ताई. फोन माझ्याच टेबलावर होता. मी मसुदा मंजूर व्हायची वाट बघत बसलो.

द्वारकाबाईंच्या तेराव्याला येऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही.

सुदर्शन

बोरतळी, ३१ जुलै १९९९ (पोस्टकार्ड)

सुदर्शन,

ये. मंगळवारी, तीन तारखेला, सकाळी दहा वाजता, रोकडोबाच्या देवळात. माझा भाऊ म्हणून येऊ नकोस, त्या नात्यावर विसंबून एक बाई गेली. सही करणारा म्हणून ये. सगळं गाव जमणार आहे. फोनचं मी कुणाला सांगितलेलं नाही, ते तू उभा राहून सांग. मी तुझ्या बाजूला नसेन. समोर, गावकऱ्यांत बसलेली असेन.

कौशल्या