झंझावाताचा मामा

३ फेब्रुवारी
निषेध! त्रिवार निषेध! ‘झंझावात’ पुन्हा काढतायत म्हणे. पहिला येऊन पाच वर्षं होतायत, भिंतीवरच्या पोस्टरचा रंगही अजून उडालेला नाही. नवा चेहरा, नवा झगा, गोष्ट मात्र तीच. पोरगं अनाथ, विजेचा लोळ, मामा मरतो, पोरगं उडतं. शिळ्या कढीला ऊत!
आपल्या भाषेतला झंझावात मी आहे. पडद्यावर उडाला तो कोणी परदेशी, पण बोललो मी.
ठराव : डबिंगला बोलावलं तरी जायचं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.
बायको म्हणाली, बोलावलंय का पण? मुद्दा तो नाही.

९ फेब्रुवारी
अजून बोलावलेलं नाही. नकार तयार आहे. आरशासमोर देऊन पाहिला, खणखणीत होतो. फोन उशाशी ठेवतो. नकार ताजा असतानाच दिलेला बरा.

१४ फेब्रुवारी
फिल्म क्लबमध्ये भाषण. सभागृह खचाखच. (छोटं सभागृह घेतलं होतं.) कडाडलो : एकाच मामाला किती वेळा मारणार? प्रेक्षकांना मामा पाठ आहे! गोष्ट थेट उडण्यापासून सुरू करा! प्रचंड टाळ्या. पहिल्या रांगेतले एक आजोबा डोळे पुसत होते. नंतर कळलं, ड्रॉप घातले होते.
एक शिक्षिका उठल्या. म्हणाल्या, जुनी नाटकं आपण नव्या नटांच्या संचात बघतोच की, मग सिनेमानेच काय घोडं मारलंय? नाटकाची गोष्ट वेगळी, असं ठणकावलं. का वेगळी, ते वेळेअभावी सांगता आलं नाही.
पोरगी म्हणाली, बाबा, तुम्ही चिडलात की अजून झंझावातच वाटता. तिच्या वर्गात मला त्याच नावाने ओळखतात. ही जबाबदारी आहे.

२१ फेब्रुवारी
आला! डबिंगच्या मॅडमचा फोन. नकार द्यायला तोंड उघडलं, तर ‘किती वाजता येऊ?’ बाहेर पडलं.
विचारांती वाटतं, आत शिरून लढणं हाच खरा लढा. बाहेरून बोंबलणारे पैशाला पासरी.

२२ फेब्रुवारी
स्टुडिओ. तीच काचेची खोली, तोच माइक. घसा मोकळा करून झंझावाताची पहिली गर्जना ठोकली. काचेपलीकडून मॅडम म्हणाल्या, अहो सर, ते नाही, पुढचं पान. झंझावात म्हणे रेडिओवर सकाळी ट्रॅफिक सांगणारा तो तरुण करतोय. नवा हिरो कॉलेजातला आहे ना सर, आणि तुमचा आवाज आता कसा... भारदस्त झालाय.
मला मामा दिला.
मामा!

२३ फेब्रुवारी
घरी सांगितलं, भूमिका मध्यवर्ती आहे. मामा मेला नाही तर तो पोरगा उडेल कशाला? पोरगी म्हणाली, म्हणजे हिरो नाही. मी म्हणालो, हिरो घडवणारा. ती ‘बरं’ म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. त्या ‘बरं’ला चाल नव्हती.
 

२ मार्च
मेलो. आठव्या टेकला. दर वेळी मॅडमचं तेच, सर, जरा आटपतं घ्या, त्याचे ओठ मिटलेत, तुम्ही अजून मरताय. पण शेवटी असा मेलो की रेकॉर्डिस्टने चष्मा पुसला. ‘बाळा, आभाळात गेलास तरी जमिनीला ओळख दे.’ काय वाक्य आहे!
रेडिओवाला भेटला. वाकून म्हणाला, सर, लहानपणापासून तुमचा झंझावात ऐकतोय. पाच वर्षांपूर्वी हा लहान होता? दाढी होती की.
माझं मत बदललेलं नाही, खोल गेलंय. थोर गोष्टी पुन्हापुन्हा सांगाव्याच लागतात, आणि लवकर सांगितल्या तर बिघडलं कुठे? मामा दर वेळी नव्याने मरतो, त्यातच तर कला. फिल्म क्लबला दुसरं भाषण द्यायचं. त्या शिक्षिकांना मुद्दाम बोलवायचं.

४ एप्रिल
उद्या पहिला शो. पोरगी फोनवर मैत्रिणींना सांगत होती, अगं, मामा म्हणजे माझे बाबा, असले मरतात ना, रुमाल आणा. दाराआडून ऐकलं. छाती फुगली. सगळ्यांची तिकिटं मीच काढली.

५ एप्रिल
चित्रपट थेट उडण्यापासून सुरू झाला.
मध्यंतरापर्यंत मान ताठ ठेवून वाट पाहिली. मामा दिसला. भिंतीवर, फोटोत. झंझावात बाहेर पडताना एकदा त्याच्याकडे बघतो, संपलं.
मध्यंतरात बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. त्या कळवळून म्हणाल्या, सर, तिकडूनच ऐनवेळी कापलं हो. जगभरचे प्रेक्षक ओरडत होते म्हणे, मामा पाठ झालाय, किती वेळा मारणार. मी म्हणालो, रास्त आहे. शेवटी जगाने माझं ऐकलं. आणि रेंज गेल्यासारखं करून फोन ठेवला.
सुटल्यावर एका मैत्रिणीने विचारलंच, काका, तुमचा आवाज कुठे होता? पोरगी मध्येच म्हणाली, गप गं, पॉपकॉर्न संपव आधी. आणि माझा हात धरून पुढे चालू लागली. रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही.
बायको म्हणाली, फोटो मात्र झकास होता हं.
होताच. काय ते मौन! त्या रेडिओवाल्याला जन्मात जमलं नसतं.