पांढऱ्या पेशी मोजायच्या नाहीत

३ मार्च, सोमवार
प्रबंध एकतीसला द्यायचा. दिला तर कॉलेजातली शिकवायची जागा माझी, नाहीतर दुसऱ्या कुणाची. आईचा फोन — झालं का तुझं शेवाळ? टाकीतलं ती ब्रशने घासून काढते. मी तेच चार वर्षं पाळते आहे, हे तिला अजून पटत नाही.

५ मार्च
प्रस्तावना तिसऱ्यांदा लिहिली. कोट्यवधी वर्षांपूर्वी एका पेशीने हिरवट जीवाणू गिळला आणि पचवलाच नाही. तो आतच राहिला, उन्हावर साखर करून देऊ लागला, पेशीच्या दोन झाल्या की प्रत्येक लेकीच्या वाट्याला येऊ लागला. तेच आजच्या शेवाळातलं हरितलवक. मी पाळते ती पेशीही दुसरं शेवाळ गिळून ठेवून घेते. ते आता तिचं कायमचं झालंय, हा माझा दावा. जिवंत पेशी मोजल्या — शंभर टक्के हिरव्या! माझे मार्गदर्शक सर खूश. मला मात्र चैन नाही. शंभर टक्के कधी काही असतं का?

७ मार्च
एक पांढरी पेशी पोहताना दिसली!

पाण्याबरोबर वाहत नव्हती. वळली, थांबली, मागे गेली. वहीच्या पुठ्ठ्यावर पहिल्या आठवड्यातला नियम आहे — पांढरी ती मेली, मोजायची नाही. अक्षर माझंच. पांढऱ्या वगळल्यावर उरणार त्या हिरव्याच की! चार वर्षं स्वतःच्याच डोळ्यांत धूळ फेकली.

८ मार्च
सरांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, मरता मरता हलली असेल. आधी प्रबंध दे, मग बघू. मी गप्प बसले तर कुणाला कळणारही नाही. हा विचार सकाळपासून दहा वेळा आला. स्वतःची लाज वाटते.

१० मार्च
एका हिरव्या पेशीच्या दोन होताना शेवटपर्यंत पाहिलं, खुर्चीवरून हलले नाही. हिरवं सगळं एकीकडे गेलं, दुसरी कोरी. काय ही वाटणी! कोरीला वेगळ्या थेंबात ठेवलं, सोबत थोडं शेवाळ. दर पाच मिनिटांनी उठून बघते आहे.

११ मार्च
काही नाही. आईवर उगाच खेकसले.

१२ मार्च
कोरीच्या पोटात हिरवा ठिपका! गिळलं तिने. सरांना ओढतच आणलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग माझ्या प्रबंधाच्या शीर्षकातला 'कायमस्वरूपी' स्वतःच्या पेनने खोडला. मी कॉलेजला कळवलं — प्रबंध एकतीसला होत नाही, माझी वाट पाहू नका.