बाकावरची दुसरी जागा

उस्ताद, तुम्ही मराठी झकास बोलायचात, पण वाचायचात फक्त उर्दू. म्हणजे तुम्ही असतात तरी हे पत्र तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तिसऱ्या माणसादेखत मला हे बोलता आलं नसतं. मी तुमच्यावर संतापलो आहे. आठवडा झाला, जेवण जात नाही, बीपीची गोळी घेतली की राहिली ते आठवत नाही. बायको विचारते, झालं काय? आता तिला काय सांगू, की ज्याला आपल्याच हातांनी माती दिली त्या माणसावर मी या वयात चिडलो आहे?

एक तरुण सिनेमावाला घरी आला होता. लहानपणी त्यानं गंगापूरच्या जत्रेत माझी फार्सातली कामं पाहिलेली. शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत मशीनमध्ये सापडून एक मुलगा मरतो, आणि त्याचा बाप दवाखान्यात पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर बसून राहतो, असा सीन. बाप मी. मी म्हटलं, साहेब, मी विनोदी नट आहे, लोक माझं तोंड बघूनच हसतात. तो म्हणाला, म्हणूनच तुम्ही पाहिजेत. मला काही उमगलं नाही, पण मी हो म्हटलं. तो गेल्यावर बायको म्हणाली, "जल्मभर हसवलं, आता रडवायला निघालात व्हय?"

"काम हाय, करायचं."

"करा की. पण लोकांना सवय हाय तुमची. त्या बापाचं पोरगं मेलं तरी हसत्याल."

लोकांनी मला हसणं हा माझा धंदाच होता. पण एखाद्या मेलेल्या पोराच्या बापावर माझ्यामुळे हसू आलं तर ते पाप कुणाच्या माथी?

शूटिंगला एक जुना व्हरांडा होता, भिंतीला टेकून लाकडी बाक. बोलायचं काहीच नव्हतं. यायचं आणि बसायचं. मी आलो, आणि माझा हात आपोआप खांद्यावरच्या उपरण्याला गेला. जागा झटकली. मग शेजारची जागा झटकली. मग त्या मोकळ्या जागेकडे हात करून मान झुकवली आणि वाट पाहत उभा राहिलो, की आधी त्यानं बसावं. लाइटवाल्यांत खसखस पिकली. उस्ताद, तुमचाच तो हशा. तिथं नसलेल्या माणसाला आदरानं बसवायचं, तो बसेपर्यंत थांबायचं, मग आपण अंग चोरून शेजारी टेकायचं. फार्स कुठलाही असो, ही एंट्री ठरलेली. तुम्ही तालमीत माझ्याकडून ती इतकी घोटून घेतलीत की काठी गुडघ्याच्या मागे लागायची. "हौले, मियाँ, हौले. जल्दी करेगा तो वो बैठेगा कैसा?" पब्लिक पोट धरून हसायचं आणि मी तुमच्याकडे बघायचो. तुम्ही पेटीवर बोटं ठेवून खाली मान घालून असायचात.

दिग्दर्शक म्हणाला, "आजोबा, ते झटकणं नको. सरळ बसा." मी मान हलवली. पुन्हा आलो, पुन्हा हात गेला. त्यांनी उपरणंच काढून घेतलं, तर मी रिकाम्या हातानं झटकलं. साधं बसता येईना. ज्याचं पोरगं आत फाडून ठेवलंय त्या माणसासारखं मला बसता येईना, कारण तुम्ही माझ्या अंगात विदूषक ठोकून बसवलात आणि तो काढायचा कसा ते न सांगता गेलात. तिथंच मनात तुम्हाला शिव्या घातल्या.

चहाच्या सुट्टीत मी त्याच बाकावर एकटा बसलो, आणि गंगापूरचा स्टँड आठवला. खेळ आटोपून आपण सकाळच्या एस्टीची वाट बघतोय. पब्लिक नाही, पेटी बांधलेली. तुम्ही रुमालानं फळी झटकता, शेजारची झटकता, आणि अगदी हळू म्हणता, "बैठ, छोटे." मला वाटतं तालीम चाललीय. मी टाळी वाजवून हसतो. तुम्ही माझ्या थोबाडीत मारता. तालमीतली काठी सोडली तर एकदाच मारलंत मला, आणि कारण सांगितलं नाहीत. तुमचा धाकटा भाऊ पोलीस ॲक्शनच्या वर्षी, त्या कत्तलीच्या दिवसांत, बाजाराला म्हणून गेला तो परतला नाही, हे तुमच्या अम्मीनं मला केव्हाच सांगितलं होतं. पण ते आणि हे एकच, हे मला कळायला मी म्हातारा होऊन त्या बाकावर यावं लागलं.

तुम्ही मला गेलेल्या भावाचा मातम शिकवलात, उस्ताद, आणि त्याला एंट्री म्हणालात. ज्या गावांतून तुमचा भाऊ गेला असेल, त्याच गावांत माझ्याकडून त्याला बसवून घेतलंत आणि लोकांना हसू दिलंत. का? ती जागा रोज झटकायची तर दुसरा काही मार्ग नव्हता म्हणून? मग थोबाडीत मारण्याआधी एक शब्द तरी बोलायचा होता. माझी तेवढी लायकी नव्हती का?

सुट्टी संपल्यावर मी दिग्दर्शकाला म्हटलं, उपरणं द्या, आणि मला माझ्या पद्धतीनं बसू द्या. आलो. जागा झटकली. शेजारची झटकली. थांबलो. या वेळी घाई केली नाही, तो बसेपर्यंत थांबलो. मग टेकलो. कुणी हसलं नाही. बऱ्याच वेळानं दिग्दर्शक म्हणाला, "झालं," आणि तेही दबक्या आवाजात.

मला आनंद व्हायला हवा होता. घरी येईपर्यंत मी तुम्हाला शिव्याच देत होतो.

आता सिनेमा लागेल, बायकोला घेऊन जावं लागेल, आणि अंधारात मी पडद्याकडे न बघता लोकांचा कानोसा घेत बसेन. हसू नये त्यांनी. तुमच्या भावाची शपथ, हसू नये. पण इथं तुम्ही आणि मीच आहोत म्हणून सांगतो. अख्खं थिएटर गप्प बसलं, मागून एकसुद्धा खुसखुस आली नाही, तर मला वाटेल की माझी एंट्री पडली.