सगळ्याच सोबतीला

४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

परवा आपल्या लाँड्रीसमोर स्तनांच्या कर्करोगाची मोफत तपासणी करणारी गाडी येऊन उभी राहिली. गल्लीतली एकही बाई पुढे होईना. जी पहिली जाईल तिलाच काहीतरी झालंय, असं गल्ली ठरवून मोकळी होणार. शेवटी तुझ्या आई शिवणवाल्या मावशींना म्हणाल्या, की तुम्ही जा, मी सोबतीला येते. मावशी म्हणाल्या, मीही सोबतीलाच आलेय. ही युक्ती सगळ्यांनाच आवडली. बघता बघता ही लांब रांग लागली आणि तीत पेशंट एकही नाही, सगळ्या सोबतीला! डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग फर्मान काढलं, की सोबतीणींनीही तपासून घ्यायचं, नाहीतर बाहेर उन्हात थांबायचं. उन्हापुढे लाज हरली.

आईंनी यंत्रालाही दम भरला म्हणे. रिपोर्ट चांगला आल्यापासून पहिला नंबर आल्यासारख्या मिरवताहेत. मावशींचंही ठीक आहे. तुझा दादा मात्र दिवसभर मान खाली घालून एकाच शर्टाला इस्त्री करत होता.

लोभ आहेच, तो चार ओळींत तरी दिसू दे.

तुझी वहिनी

१५ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले, की साहेब चौकशीला आले. घरी येऊन पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही. आईचं लिहिलंस, मावशींचं लिहिलंस, शर्टाचंसुद्धा लिहिलंस. तुझं काय? तू गाडीत गेलीस की नाही? तू फार गमती करायला लागलीस की मला शंका येते. बाबा आजारी होते, तेव्हाही तू आम्हाला असंच हसवत ठेवलं होतंस.

काही जाणवतंय का तुला? असो वा नसो, तपासून घे. रागाव हवं तर. मला तू हवी आहेस.

तुझ्या लोभातली हक्काची वाटेकरीण,
भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रागावलेच. पत्र रद्दीत टाकलं, मग हुडकून काढलं. गाठ होती, हिवाळ्यापासून. सगळ्यांना गाडीत ढकलून मी उन्हात उभी राहिले. बघितलंच नाही तर ती नसेलच, असं वाटायचं.

तुझ्या पत्रानंतर दवाखान्यात गेले. कर्करोगच आहे. पण लहान आहे, पसरलेला नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. बरी होशील म्हणतात. तरी भीती वाटते, हे फक्त तुला सांगते. दादा आधी रडला, मग म्हणाला, "दुकान बंद ठेवतो. तू एकटी जायचं नाहीस." आई सर्जनची उलटतपासणी घेऊन आल्या. बिचारा घामाघूम झाला होता.

आज तुझं पत्र पुन्हा वाचलं. एवढ्या उपदेशात तुझ्या स्वतःच्या तपासणीची एक ओळ नाही, बाईसाहेब. तू माझ्याहून फार लहान नाहीस. ऑपरेशनला ये, मला तू हवीच आहेस. पण आधी तपासून घे आणि मगच आमचं दार वाजव.

लोभ वाढवत राहा, म्हणजे मला बरं व्हावंच लागेल.

तुझी वहिनी